सर्रास म्हणण्याआधी

ज्या घरात मी दीड वर्ष भाडेकरू म्हणून राहिलो, तिथे एक शब्द परवानगीशिवाय वापरता येत नसे. मोठ्याने बोललेलं चाले, उशिरा उठलेलंही एकवेळ चाले. पण ‘सर्रास’ हा शब्द कुणाच्या तोंडून गेला की घरमालक हातातलं काम खाली ठेवत आणि शांतपणे विचारत, “मोजलंत का?”

मला हा प्रश्न पहिल्याच दिवशी झेलावा लागला. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस. आमचं गाव लोणावळ्यापासून चार कोस आत, डोंगराला टेकलेलं. पुण्यात खोली घेणं झेपणारं नव्हतं, म्हणून लोणावळ्यात राहायचं आणि रोज गाडीने पुण्याला जायचं असं आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवलं. पहिल्या जेवणाला काकूंनी पाट मांडला. मी संकोचाने जमिनीवरच बसलो आणि म्हणालो, आमच्याकडे सर्रास असंच बसतात. काकांनी, म्हणजे घरमालकांनी, हातातला घास ताटात ठेवला. आमच्याकडे म्हणजे किती घरं, असं विचारलं. मी म्हणालो, चाळीस असतील. “असतील?” ते म्हणाले, आणि वरण निवेपर्यंत माझ्याकडे पाहत राहिले. त्या दिवशी माझं पोट भरलं नाही, पण शिक्षण सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही.

काका तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. पिकाचे, पावसाचे, गुरांच्या रोगाचे अहवाल लिहिण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. माजघराच्या भिंतीवर, जिथे इतरांच्या घरी देवादिकांच्या तसबिरी असतात तिथे, त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरातला एक कागद डकवलेला होता. त्यावर चार शब्द: क्वचित, तुरळक, बहुतेक, सर्रास. दहा दारं ठोठावली आणि एका घरात गोष्ट सापडली, तर ती क्वचित. दोनतीन घरांत सापडली, तर तुरळक. सहासातांत सापडली, तर बहुतेक. आणि सर्रास? “कोणतंही दार ठोठाव,” ते सांगत, “ती आत येऊन बसलेलीच असली पाहिजे. आणि दार स्वतः ठोठावायचं. दुसऱ्याने ठोठावलेलं चालत नाही.”

या शिस्तीचे फायदे घराला वेळोवेळी मिळत. वलवणची एक बाई दूध घालायची. काकूंनी एकदा दूध पातळ असल्याचं सुचवलं, तेव्हा ती म्हणाली, “आता समदीच सर्रास पानी घालत्यात, मी काय येकलीच न्हाई घालत.” काका वही घेऊनच बाहेर आले. समदी म्हणजे कोण कोण, नावं सांगा. तिने भाबडेपणाने आपल्या दोन जावांची आणि एका नणंदेची नावं सांगितली. काका दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन वलवणला गेले आणि त्या तिघींच्या दारात उभे राहून त्यांना विचारून आले. पुढचे आठ दिवस आम्ही कोरा चहा प्यालो. पाणी घालणं सर्रास नसून तुरळक आहे, हे मात्र पक्कं कळलं.

देवळात एक बुवा प्रवचनाला आले होते. कलियुगात लोक सर्रास खोटं बोलतात, असं ते सहज म्हणून गेले. काका उठून उभे राहिले आणि हात जोडून, अतिशय नम्रपणे त्यांनी विचारलं, “बुवा, आपण किती जणांना विचारलंत?” बुवा पुढच्या वर्षी आले नाहीत. लोकांनी काकांवर राग धरला, पण तो किती लोकांनी धरला हे काकांना कुणी नक्की सांगू शकलं नाही, त्यामुळे त्यांनी तो मनावर घेतला नाही.

मी असताना हा शब्द त्यांनी फक्त एकदा मंजूर केला. श्रावणात काकू म्हणाल्या की घरात सर्रास बुरशी आलीय. काकांनी लोणच्याच्या बरणीला बांधलेल्या दादऱ्यापासून ते पायातल्या वहाणांपर्यंत सगळं तपासलं, शेवटी स्वतःचा कचेरीचा कोट उजेडात धरला आणि म्हणाले, “आहे. म्हणू शकतेस.” काकूंना दिवसभर कुणी सत्कार केल्यासारखं वाटत होतं.

हे वेड कुठून आलं ते मला काकूंनीच सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला, प्लेगाच्या दिवसांत, काकांनी एका गावाबद्दल कचेरीत बसूनच ‘गावात सर्रास प्लेग’ असं लिहिलं होतं. पाटलाने तसं सांगितलं, यांनी तसं उतरवलं. वरून हुकूम निघाला. गाव खाली केलं, घरांत ऊन जावं म्हणून कौलं उतरवली, आणि माणसं भर थंडीत दीड महिना शिवारात झोपड्या घालून राहिली. दोन म्हातारी माणसं त्या थंडीनेच गेली. नंतर काका तिथे गेले आणि घरं मोजली. प्लेग तीन घरांत होता. “तेव्हापासून हे असे,” काकू म्हणाल्या, आणि तांदूळ निवडू लागल्या.

आता माझ्या गावाचं सांगतो. हे सांगताना मला स्वतःलाही मोकळं सोडता येणार नाही.

आमच्या गावात हिवताप होता. किती वर्षांपासून, ते कुणाला माहीत नव्हतं. पावसाळा सरता सरता तो यायचा आणि भातकापणी उरकेपर्यंत मुक्कामाला असायचा. त्याने गावात कुणी मरत नसे. गावात माणसं ‘अशक्तपणाने’ मरत. माझी सख्खी काकी आदल्या वर्षी अशक्तपणाने गेली. त्या वर्षी माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको, अशक्त व्हायला लागली होती. तिच्या अंगावर चार महिन्यांचं मूल होतं आणि दूध आटत चाललं होतं. मी सुट्टीला गेलो तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. कॉलेजात मला नुकतंच कळलं होतं की यावर क्विनाइन नावाचं औषध असतं आणि सरकारकडे मागितलं तर ते मिळू शकतं. मला हे ऐकून केवढा आनंद झाला होता. सरकारला फक्त कळवायचंच राहिलंय, असं मला प्रामाणिकपणे वाटलं.

मी रात्रंदिवस खपून अर्ज लिहिला: ‘आमच्या गावी हिवताप सर्रास असून...’ काकांनी तेवढंच वाचलं आणि कागद परत दिला. पुढच्या रविवारी आम्ही दोघं मोजायला निघालो. चार कोस चालून, कोट-टोपी घालून, दसऱ्याच्या आधीच्या उन्हात हा माणूस आमच्यासाठी आला, हे मी विसरत नाही. काकांनी एकेक दार ठोठावलं आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारला: घरात आजारी कोण?

आणि बहुतेक दारांत उत्तर मिळालं, कोणी न्हाई.

आमच्याकडे आजारी म्हणजे ज्याने अन्न सोडलंय, जो अंथरुणाला खिळलाय आणि ज्याच्या पाहुण्यांना सांगावा धाडलाय तो. एरवी भल्या माणसाला आजारी म्हणणं म्हणजे त्याचं वाईट चिंतणं. काकांना एक पाय मोडलेला गडी मिळाला, एक दमेकरी म्हातारा मिळाला आणि नऊ घरांत तापाची माणसं मिळाली. आमच्या घरी आबा भर दुपारी उन्हात घोंगडी पांघरून ओट्यावर बसले होते. “आमच्यात कुनी आजारी न्हाई बगा, देवाची किरपा,” ते म्हणाले, आणि त्यांचे दात वाजले. काकांनी वहीत लिहून घेतलं की या भागात दुपारीही घोंगडी पांघरण्याची पद्धत दिसते.

मी शेजारीच उभा होतो. मी काहीच बोललो नाही. भीतीने म्हणावं तर तसंही नाही. मीही लहानपणापासून एक दिवसाआड थंडीने कुडकुडलो होतो आणि मलाही ते कधी आजारपण वाटलं नव्हतं. अर्जात लिहायला मला ‘हिवताप’ हा शब्द सुचला होता. पण आबा समोर बसून कापत होते, ते आबाच वाटत होते.

काकांनी अर्ज दुरुस्त केला: ‘हिवताप तुरळक आहे.’ पंधरा दिवसांत उत्तर आलं की ताप तुरळक असल्याने विशेष तजवीज करण्याचे प्रयोजन दिसत नाही. काकांनी ते दोनदा वाचलं. भाषा चोख आहे, असं ते म्हणाले. इतक्या चोख भाषेत औषध नाकारलं जाण्याचं भाग्य आमच्या गावाला पहिल्यांदाच लाभलं होतं.

दिवाळीनंतर एका शनिवारी जेवताना काकूंनी विचारलं, उद्या कापणीला घरी जाणार का? मी म्हणालो, नाही, आमची इर्जिक सोमवारवर गेली. इर्जिक म्हणजे गावाने मिळून एकेकाच्या शेतात काम करायचं, आज तुझ्यात, उद्या माझ्यात. का बदलली, असं त्यांनी विचारलं. मी भात कालवत सांगितलं, “रविवारी जास्त लोकांची पाळी आहे. सोमवारी थोड्यांची.”

काकांनी घास खाली ठेवला. मी मनातल्या मनात माझं वाक्य तपासलं. त्यात तो शब्द नव्हता.

“कसली पाळी?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ताप एक दिवसाआड येतो. ज्याची पाळी आज, तो उद्या बरा असतो आणि कामाला जातो. गावात कुणाची पाळी कधी हे सगळ्यांना पाठ असतं, आणि इर्जिक त्याप्रमाणेच लावतात. सोयरीक जुळवायला यायचं असलं तरी आधी पाळी विचारून येतात. आमच्याकडे हे असंच असतं, मी म्हणालो.

काका म्हणाले, “त्या दिवशी माझ्याबरोबर होतास. का नाही सांगितलंस?”

“तुम्ही आजारी कोण ते विचारलंत,” मी म्हणालो.

मला वाटतं, त्यांना तीस वर्षांत कुणी इतकं लागेल असं बोललं नव्हतं. मी उलट उत्तर दिलं नव्हतं, खरं तेच सांगितलं होतं. ते ताटावरून उठले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मीही ताट बाजूला सारलं.

सकाळी अंघोळ न करता ते निघाले, आणि त्यांच्या मागोमाग मी. अंघोळ न करता त्यांनी उंबरा ओलांडल्याचं काकूंनी आजवर पाहिलं नव्हतं. गावात पोचल्यावर ते आधी आमच्या ओट्यावर आले आणि उभ्यानेच आबांना म्हणाले, “चूक माझी झाली. मी प्रश्नच चुकीचा विचारला.” आबा फार ओशाळले. कचेरीत चाकरी केलेला माणूस आपली चूक कबूल करतोय, हे त्यांच्या दृष्टीने फार अभद्र होतं. “तुमी इचारलं त्येचं आमी सांगितलं. चुकी कसली त्यात, बसा, गूळपानी घ्या,” ते कसंबसं म्हणाले.

काका बसले नाहीत. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून दारं ठोठावली. आता प्रश्न होता, तुमची पाळी कधी? आणि काय सांगू, लोकांना बोलायला उसंत पुरेना. माझी आज, हिची उद्या, सासऱ्याची माझ्याच बरोबर, धाकट्याची काल झाली. रानात गेलेल्यांच्या पाळ्या शेजाऱ्यांनी सांगितल्या. एका आजीने तर मेलेल्या नवऱ्याची पाळीही लिहून घ्यायला लावली, कारण “त्येंचा वार कदी चुकला न्हाई.” चाळीस घरांपैकी पाच घरं निघाली जिथे पाळी नव्हती, आणि त्यातलं एक बंद होतं. वहिनी दाराआडून म्हणाली, “माजी आज हाय. दोन वाजता येतुया.” एखाद्या गाडीची वेळ सांगावी तसं तिने सांगितलं.

त्या संध्याकाळी काकांनी स्वतःच्या हाताने ‘सर्रास’ लिहिलं. लिहिताना त्यांचा हात थांबला होता, एवढं मी पाहिलं.

दुसरा अर्ज गेला आणि त्याचंही उत्तर आलं. सरकारी उत्तरं येतच नाहीत असं लोक उगाच म्हणतात. कळवलं होतं की सदर ताप सर्रास व पूर्वापार असल्याचे अर्जदारच नमूद करतो. सबब त्यास साथ म्हणता येत नाही. तो त्या मुलखाचा स्वभाव होय. क्विनाइनची तजवीज केवळ साथीपुरती आहे. म्हणजे ताप थोडा होता तेव्हा औषधाची गरज नव्हती, आणि आता ताप इतका होता की औषधाचा उपयोग नव्हता. या दोन्हींच्या मधे नेमका किती ताप असला म्हणजे औषध मिळतं, हे कुठे लिहिलेलं असेल तर मला अजून सापडलेलं नाही.

मला वाटलं, भाषा चोख आहे म्हणून काका याही वेळी मान डोलावतील. त्यांनी कागदाची घडी घातली आणि वही काढली. गुरुवारी कोणाकोणाची पाळी आहे ते पाहून त्यांनी यादी केली. एकोणीस माणसं भरली. ही यादी घेऊन ते गावात गेले आणि म्हणाले, गुरुवारी माझ्याबरोबर कचेरीत चला.

भातं शेतात उभी असताना कोण येणार, अशी मला काळजी होती. पण आबांनीच निकाल दिला. “पाळीचा दिस तसाबी वायाच जातुया. घरात गेला काय न् कचेरीत गेला काय.”

बुधवारी तिसऱ्या प्रहरी तीन बैलगाड्या लोणावळ्यात काकांच्या दारात येऊन सुटल्या. काकूंनी पिठलं-भात केला. गुरुवारी सकाळच्या आगगाडीने सगळे तालुक्याच्या कचेरीला निघालो. त्यात चार बायका होत्या आणि वहिनी मूल घेऊन होती. सगळी ताजीतवानी होती, हसत होती. एकजण काकांना म्हणाला, “रावसाब, आज आला न्हाई तर आमची लाज जाईल वो.” काका म्हणाले, एवढ्या वर्षांत कधी चुकलाय का? तो म्हणाला, न्हाई, त्या बाबतीत मानूस इमानी हाय.

कचेरीच्या पडवीत आम्ही ओळीने बसलो. मामलेदारसाहेबांना सवड नव्हती. शिपायाने येऊन सांगितलं, साहेब दोननंतर भेटतील. काकांनी त्याचे आभार मानले. एरवी कचेरीत ताटकळावं लागलं म्हणून कुणी आभार मानत नाही, त्यामुळे शिपाई थोडा बिचकला.

दीड वाजता आबांनी पाय पोटाशी घेतले. मग त्यांच्या शेजारच्याने घेतले. मग ते सुरूच झालं, जसं वाऱ्याने एका कडेपासून शेत हलू लागतं. दात वाजायला लागले. बाक फरशीवर खडखडू लागला. मुद्रांक विकणाऱ्याने आपली पेटी उचलून लांब नेली. दोन वाजता वहिनीने मूल माझ्याकडे दिलं, कारण तिच्या हातात ते राहीना. मी त्याला घट्ट धरून बसलो. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की ही सगळी माणसं आजारी आहेत. कचेरीच्या पडवीत, परक्या लोकांच्या नजरेने पाहिल्यावर मला ते दिसलं, याची मला अजून लाज वाटते.

खिडक्यांतून कारकून डोकावले. शेवटी मामलेदारसाहेब स्वतः बाहेर आले आणि दारातच थबकले. हा काय प्रकार आहे, असं त्यांनी विचारलं.

काका उठून उभे राहिले. कोटाची बटणं नीट होती. “काही नाही, साहेब,” ते म्हणाले. “पूर्वापार चालत आलेलं आहे.”

साहेबांनी ओळीवरून नजर फिरवली. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “सगळा गाव आणलात की काय?”

“नाही, नाही. आज ज्यांची पाळी आहे तेवढेच,” काका म्हणाले. “बाकीचे उद्या येतील.”

साहेब क्षणभर त्या पडवीकडे पाहत राहिले. मला वाटतं, उद्याची पडवी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली असावी. “उद्या आणू नका,” ते म्हणाले. “कंपाउंडर पाठवतो.” दोन अर्जांत आणि दोन महिन्यांत जी तजवीज बसत नव्हती, ती बसायला पाव तासही लागला नाही. शिपायाने वहिनीला पाणी आणून दिलं. तिला भांडं धरता येईना, तेव्हा काकांनी ते तिच्या तोंडाशी धरलं.

शनिवारी कंपाउंडर गोळ्यांचा डबा घेऊन गावात आला. आजारी कोण, असं त्याने पहिल्याच दारात विचारलं आणि कोणी न्हाई असं उत्तर आलं. काका त्याच्या मागेच उभे होते. त्यांनी त्याला बाजूला केलं आणि पुढचं सगळं स्वतः विचारलं. गोळी इतकी कडू की लोकांना ती सरकारी आहे याची खात्री पटली. कानात घुंई घुंई व्हायला लागलं, त्यालाही लोकांनी हरकत घेतली नाही. वहिनी रोज गोळी गिळून तोंड वाकडं करायची, आणि पाळीच्या दिवशी ताप येतच होता, पण दर खेपेला जरा उशिरा आणि जरा कमी.

पुढच्या रविवारी पुन्हा तिची पाळी होती; आमच्या घरात आता तेवढीच उरली होती. काका सकाळीच आले होते. वहिनीने नेहमीसारखं पहाटेच सगळं उरकून ठेवलं: भाकरी करून झाकल्या, पाणी भरलं, मुलाला जाऊबाईकडे दिलं, आणि दीडच्या सुमाराला ओट्यावर भिंतीला टेकून बसली. आम्ही सगळे तिच्याकडे न पाहता तिच्याकडेच पाहत होतो. दोन वाजले. अडीच झाले. तिने दोनदा स्वतःचा हात कपाळाला लावून पाहिला. सावली ओट्यावरून खाली उतरली. मग ती आबांकडे वळून, काहीतरी चुकलंय अशा आवाजात म्हणाली, “मामंजी, आता दिसभर करू काय मी?”

थोड्या वेळाने ती उठली, जावेकडून मूल घेतलं आणि आत गेली. आतून तिचा मुलाशी बोलण्याचा आवाज येऊ लागला.

मला राहवलं नाही. मी काकांना म्हणालो, “काका, ताप गेला.”

काकांनी उपरण्याने डोळे पुसले, बराच वेळ पुसले. मग छत्री उचलली.

“एका घरातला गेला,” ते म्हणाले, आणि शेजारचं दार ठोठावायला गेले.